कॅमेऱ्याला दिसलेला चेहरा

26/11 च्या हल्ल्यानंतर चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबईत सीसीटीव्हीचं जाळं हवं, असं सुचवलं. 2016 मध्ये सुमारे 4,700 कॅमेरे सुरू झाले. सोनसाखळी चोर पकडायला ते कामी येतात, यात वाद नाही.

वाद आहे तो कॅमेऱ्यामागच्या संगणकाचा. चेहरा ओळखणारी प्रणाली खरं तर माणूस ओळखतच नाही. डोळे, नाक, हनुवटीच्या ठेवणीतून ती आकड्यांची माळ बनवते, नोंदीतल्या माळांशी ताडून पाहते आणि साम्याची टक्केवारी सांगते. किती टक्क्यांना ‘जुळलं’ म्हणायचं, ते माणसंच ठरवतात. दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारात दिलेला आकडा होता 80.

चित्र अंधूक असलं की गफलत आलीच. जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटजवळ घड्याळचोरीच्या अशाच चुकीच्या जुळणीवरून एका गृहस्थाला घरासमोर, मुलींच्या देखत बेड्या पडल्या. सुमारे 30 तास कोठडी!

त्याच वर्षी ब्रिटनच्या अपील न्यायालयाने साउथ वेल्स पोलिसांनी केलेला चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीचा वापर बेकायदा ठरवला. ज्यांचे चेहरे शोधायचे त्यांच्या यादीत कोणाला घालायचं, कॅमेरा कुठे लावायचा, सगळंच पोलिसांच्या मर्जीवर सोडलं होतं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पोलिसांच्या या तंत्राला वेसण घालणारा स्वतंत्र कायदा मात्र संसदेने केलेला नाही.