आठ रुपयांचे ताट

सकाळी नागपुरातील कोणत्याही वस्तीत नातवंडाचे बोट धरून अंगणवाडीकडे किंवा पाळणाघराकडे निघालेले आजी-आजोबा दिसतात. आईवडील कामावर गेलेले असतात. सोडणे-आणणे आपल्याकडे आलेले असते. त्या केंद्राच्या दारात दिवसातून दोनदा उभे राहणारे आपणच असता, म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडतो: पैसा अपुरा असताना मुलांच्या केंद्राने कशात काटकसर करावी आणि कशात मुळीच करू नये? वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न आहे. माझ्या मते तो न्यायाचा आहे, कारण ज्याच्या वाट्याचे कमी होते त्याला तक्रार करता येत नाही.

प्रथम अंगणवाडीचा हिशेब पाहू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या अगदी आरंभीच्या प्रकल्पांत आपल्या विदर्भातील धारणी होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देण्याचे बंधन घातले. त्यासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर होता प्रत्येक मुलामागे दिवसाला आठ रुपये. तीव्र कुपोषित मुलासाठी बारा. पुढे अनेक वर्षे तोच दर चालत राहिला. धान्य सवलतीच्या दराने मिळते, हे खरे. पण आज आपण एक अंडे आणायला गेलात तर सात रुपयांच्या आसपास मोजता. उरलेल्या रुपयात डाळ, तेल, भाजी आणि इंधन बसवायचे, हे कोणत्याही गृहिणीला विचारावे.

अशा वेळी सर्वांत सोपी काटकसर म्हणजे डाळीत पाणी वाढवणे. मूल पोटभर जेवते, ताट रिकामे होते, नोंदवहीतही काही खटकत नाही. कमी पडतात ती प्रथिने. त्याचा परिणाम आठवड्यात दिसत नाही. काही महिन्यांनी वजन जागच्या जागी थांबते, मग उंची मंदावते, आणि मूल वारंवार सर्दी-खोकल्याने आजारी पडू लागते. म्हणून खर्च कमी करायचाच असेल तर भिंतीवरील चित्रे, समारंभ, फलक यांत करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डाळीची घट्टी ही शेवटपर्यंत राखण्याची गोष्ट आहे.

याहून अवघड प्रश्न वाटणीचा. तीव्र कुपोषित मुलासाठी जादा रक्कम मिळते. पण भातुकले एकच, पळी एकच. सर्वांना सारखे वाढले की समता पाळल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात त्या एका मुलाचा हक्क इतरांत वाटला जातो. सारखे वाढणे आणि न्यायाने वाढणे यांत फरक आहे. आपल्या घरीही आजारातून उठलेल्या नातवाला तुपाचा चमचा अधिक घालताना आपण इतरांची समजूत काढतोच की!

पर्याय निवडतानाही असेच होते. आदिवासी भागांतील अमृत आहार योजनेत मुलांना उकडलेली अंडी आणि अंडी न खाणाऱ्यांना केळी देण्याची सोय करण्यात आली. घरच्या रीतीचा मान राखणे योग्यच. परंतु अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात एखादा ग्रॅम. त्या मुलाला केळ्याच्या जोडीला शेंगदाणे, चणे किंवा दूध मिळायला हवे. (चार वर्षांखालील मुलांना दाणे-चणे अख्खे देऊ नयेत; ते श्वासनलिकेत अडकतात. कुटून किंवा लाडवातून द्यावेत.)

आता खासगी पाळणाघर. तेथे सर्वांत मोठा खर्च माणसांचा, म्हणून कात्री तेथेच लागते. नोकरदार मातांच्या पाळणाघरांसाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि सोबत मदतनीस, असे त्यांत सांगितले आहे. एकच बाई लंगोट बदलते आणि तीच खिचडीही भरवते, तेथे साबणाने हात धुण्याला वेळ उरत नाही. मग जुलाब पसरतात, आणि ते केंद्रातच थांबत नाहीत. मूल घरी येते, आजीच्या मांडीवर बसते. मधुमेह किंवा हृदयविकाराची औषधे घेणाऱ्या आजीला तोच जुलाब किंवा फ्लू नातवापेक्षा महाग पडतो. पाळणाघराने वाचवलेला पगार अशा रीतीने आपल्या औषधाच्या बिलात निघतो. आमच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिसाकडे जात असताना, विजेचे बिल वाचवण्यासाठी दुपारी कूलर बंद ठेवणे हीदेखील काटकसर नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत तो धोका आहे.

येथे आपलीही एक बाजू आहे, ती कटू असली तरी लिहितो. महिन्याचे शुल्क दोनशे रुपयांनी खाली आणल्याचा आनंद आपण घेतो, पण ते दोनशे कोठून कमी होणार हे विचारत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविका मानधनासह अन्य मागण्यांसाठी संपावर गेल्या, तेव्हा मुलांचे हाल झाले हे खरे. मात्र त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळते, आणि इंधन संपले की कित्येकदा त्या पदरचे पैसे घालतात, हेही तितकेच खरे.

म्हणून आपण जाल तेव्हा आरोप घेऊन जाऊ नका, चौकशी करा. आज डाळ किती शिजवली, मुले किती होती, हात धुवायला साबण कोठे ठेवला आहे, बाळाचे वजन मागील महिन्यात किती होते? वजनाची नोंद सेविकेकडे असते. ती पाहण्यास मागावी. महिन्याचा जमाखर्च दाराशी लावण्याची विनंती करावी. प्रामाणिक चालकाला त्यात अडचण वाटत नाही, उलट शुल्क का वाढवावे लागते ते सांगण्याची सोय होते. नातवाच्या वाढदिवशी केक पाठवण्याऐवजी दोन किलो तूरडाळ, साबणाच्या वड्या किंवा कूलरची नवी जाळी पाठवता येते. आणि नातवाचे वजन लागोपाठ दोन महिने वाढले नाही, तर केंद्राशी वाद घालण्यापूर्वी त्याला डॉक्टरांना दाखवावे. कारण जंत, क्षय किंवा मूत्रमार्गाचा संसर्गही त्यामागे असू शकतो.