स्त्रीकरण संप्रेरक उपचारांतील मंद व विषम परिणाम : ग्रामीण संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : पारलिंगी स्त्री, संप्रेरक उपचार, इस्ट्रोजेन, देहप्रतिमा, ग्रामीण आरोग्य

प्रस्तावना :
जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेली, परंतु स्वतःस स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती म्हणजे पारलिंगी स्त्री होय. महाराष्ट्रात या विषयाची चर्चा प्रामुख्याने हक्क, ओळखपत्र व रोजगार या अंगांनी झाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती करणे अवैध ठरविले. २०१९ च्या कायद्यात संप्रेरक उपचार व समुपदेशनाची तरतूद झाली. मात्र उपचार सुरू झाल्यावर शरीर अपेक्षेप्रमाणे बदलत नाही, किंवा फार सावकाश बदलते, त्या काळातील मानसिक ताणाविषयी तुलनेने कमी लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात या काळाचा विचार केला आहे.

बदलांची गती :
या उपचारात इस्ट्रोजेन दिले जाते व बहुधा टेस्टोस्टेरॉनचा प्रभाव रोखणारे औषधही जोडले जाते. त्वचा मऊ होणे, स्नायूंचे बळ कमी होणे व स्तनांची वाढ सुरू होणे हे बदल साधारणतः तीन ते सहा महिन्यांत जाणवू लागतात. स्तनांची वाढ व चरबीची नवी ठेवण पूर्ण होण्यास मात्र दोन ते पाच वर्षे लागू शकतात. मुलगी वयात येतानाही शरीर चार-पाच वर्षे बदलत असते, ही गोष्ट येथे सहसा विसरली जाते.

काही बाबतींत प्रतीक्षा करूनही उपयोग नसतो. फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने पूर्ववत होत नाही. उंची व खांद्यांची रुंदी प्रौढपणी बदलत नाही. अंगावरील केस विरळ होतात, परंतु दाढी जात नाही. त्यासाठी लेसर वा विद्युत्-उपचार आणि आवाजासाठी वाचातज्ज्ञांकडील सराव हे वेगळे मार्ग आहेत. जे काम औषधाचे नाही ते औषधाने केले नाही म्हणून होणारी निराशा या एका माहितीने बरीच टळते.

विषमतेची कारणे :
२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात २२९ पारलिंगी स्त्रियांची एक वर्षाची स्तनवाढ मोजली गेली. वाढ बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत झाली. वर्षअखेर जवळजवळ निम्म्या स्त्रियांची वाढ सर्वांत लहान मापाहूनही कमी होती. याहून महत्त्वाचे म्हणजे रक्तातील इस्ट्राडायोलच्या पातळीवरून वाढीचा अंदाज बांधता आला नाही. आनुवंशिकता, वय व शरीरातील चरबीचे प्रमाण यांमुळेही फरक पडतो. एकाच घरातील सख्ख्या बहिणींची अंगकाठी सारखी नसते. मग समान गोळी घेणाऱ्या दोघींची का असावी?

अधिक मात्रेचा मोह :
परिणाम दिसेना की मात्रा वाढवावी असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ते घातक ठरू शकते. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार इस्ट्राडायोल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असणे अपेक्षित आहे. पातळी या मर्यादेत असताना अधिक औषधाने वेग वाढतो याला आधार नाही.

आपल्याकडे तज्ज्ञांपर्यंत पोहोचता न आल्याने माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या मनानेच घेण्याची वाट अनेकींनी धरलेली आहे. या गोळ्यांतील एथिनिल इस्ट्राडायोलमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणूनच स्त्रीकरण उपचारांत ते टाळले जाते. धूम्रपानाची जोड मिळाल्यास धोका आणखी वाढतो. गोळी स्वस्त आणि ओळखीची आहे, एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही.

प्रतीक्षेचा काळ :
आरसा रोज पाहणाऱ्यास बदल दिसत नाही. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी एकाच जागी, सारख्याच उजेडात काढलेले छायाचित्र व वहीत लिहिलेली मापे अधिक विश्वसनीय ठरतात. दुसरीच्या देहाशी तुलना करणे हा मनस्तापाचा मोठा स्रोत होय. गुरू-चेला परंपरेतील ज्येष्ठ स्त्रिया या बाबतीत मोठा आधार देतात. परंतु त्यांचा अनुभव म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे, हा भेद पाळावा लागतो. वर्षानुवर्षांच्या अपेक्षा एका औषधावर टाकलेल्या असताना येणारे नैराश्य हा स्वभावदोष नसून त्यास समुपदेशनाची गरज असते. झोप उडणे, जेवण सुटणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे असल्यास पुढील तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात या प्रश्नाला अंतराची जोड मिळते. अंतःस्रावी ग्रंथितज्ज्ञ गाठायचा तर अहिल्यानगर वा पुण्याचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि घरच्यांना सांगावयाचे कारण, असा तिहेरी खर्च असतो. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदा-दोनदा रक्ततपासणी अपेक्षित आहे. स्पायरोनोलॅक्टोन घेत असल्यास पोटॅशियमही पाहावे लागते. नमुना गावाजवळ देऊन अहवाल तज्ज्ञांना दूरध्वनीवरून कळविण्याची सोय झाली, तर प्रत्येक तपासणीसाठी शहर गाठावे लागणार नाही. पोटरी अचानक सुजणे व दुखणे, छातीत कळ येणे किंवा धाप लागणे या स्थितीत मात्र शहरातील तज्ज्ञांची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात तत्काळ जावे आणि आपण इस्ट्रोजेन घेत आहोत हे तेथील डॉक्टरांना संकोच न करता सांगावे.