वगळलेल्या पदांचा हिशेब

शासनाने रस्ते वा सिंचनावर १०० कोटी रुपये अधिक खर्च केले, तर राष्ट्रीय उत्पन्न किती वाढेल, हा परीक्षार्थींच्या परिचयाचा प्रश्न आहे. सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८ असल्यास गुणक ५ आणि उत्पन्नवाढ ५०० कोटी रुपये, असे उत्तर लिहिले जाते. मात्र हे उत्तर म्हणजे १०० + ८० + ६४ + … या अनंत श्रेणीची संपूर्ण बेरीज होय. प्रत्यक्षात खर्चाच्या प्रत्येक फेरीस काळ लागतो. त्यामुळे वर्षअखेरीस पदरी पडते ती मोजक्या पदांची, म्हणजेच आंशिक बेरीज. या दोन बेरजांमधील तफावतीस छेदन त्रुटी असे म्हणतात.

पहिल्या पाच फेऱ्यांची बेरीज ३३६.१६ कोटी रुपये होते. पाचवे पद ४०.९६ कोटींचे आहे. वगळलेल्या पदांची बेरीज मात्र १६३.८४ कोटी, म्हणजे त्याच्या चौपट भरते. उपभोग प्रवृत्ती ०.९ मानल्यास गुणक १० होतो आणि पाच फेऱ्यांनंतरचा वगळलेला भाग ५९०.४९ कोटींचा, अर्थात मोजलेल्या भागाहूनही मोठा असतो. गुणक जितका मोठा, तितकी श्रेणी संथ. मोठ्या गुणकाचा हवाला देऊन पहिल्याच वर्षी पूर्ण परिणामाची अपेक्षा बाळगणे त्यामुळे सयुक्तिक ठरत नाही. (कर व आयात यांमुळे होणारी गळती हा आणखी निराळा विषय.)

शेवटचे पद लहान झाले की त्रुटीही तेवढीच लहान असते, हा समज विद्यार्थ्यांमध्ये रूढ आहे. १ + १/२ + १/३ + … या हरात्मक श्रेणीची पदे शून्याकडे जातात, तरीही बेरीज अमर्याद वाढत राहते. पदे आलटून पालटून धन व ऋण असतील आणि त्यांचे परिमाण सतत घटत शून्याकडे जात असेल, तर मात्र त्रुटी पहिल्या वगळलेल्या पदाहून लहान असते, अशी हमी देता येते.

अशाच एका श्रेणीचा विलक्षण अभ्यास केरळमध्ये झाला. चौदाव्या शतकातील संगमग्रामचे माधव यांच्या नावे असलेली १ − १/३ + १/५ − १/७ + … ही श्रेणी पायच्या चौथ्या भागाइतकी आहे. तिची पहिली दहा पदे घेऊन चौपट केल्यास ३.०४१८ मिळतात, पहिला दशांशच चुकतो. केरळच्या गणितज्ञांनी केवळ पदे वाढवत न नेता उरलेल्या भागाचेच मोजमाप केले. पदांची संख्या ‘न’ असल्यास न ÷ (४न² + १) इतकी दुरुस्ती करावी, असा त्यांचा एक नियम आहे. अशा दुरुस्त्यांमागील युक्तिवाद ज्येष्ठदेवांनी ‘युक्तिभाषा’ या सोळाव्या शतकातील मल्याळम ग्रंथात मांडला. दहा पदांच्या बेरजेत १०/४०१ मिळवून चौपट केली, की ३.१४१५९० हे मूल्य येते; खरे मूल्य ३.१४१५९३ आहे. दुरुस्तीविना एवढी अचूकता साधण्यास श्रेणीची चार लाखांहून अधिक पदे मोजावी लागतात.