फिरत्या घराचा जॅक

‘कॅम्पर व्हॅन’ हें नांव आतां आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचें झालें असेल. ज्या मोठ्या मोटारींत निजावयास बाकें, स्वयंपाकास शेगडी, पाण्याची टांकी आणि सामानाचीं कपाटें असतात, तिला हें नांव आहे. युरोपांत हा प्रकार जुना आहे. जर्मनींत फोक्सवॅगन कंपनीची डब्यासारखी गाडी 1950 सालीं निघूं लागली, आणि वेस्टफालिया नांवाच्या कारखान्यानें थोड्याच काळांत तिच्या पोटांत बिऱ्हाड मांडून दाखविलें. आपल्या महाराष्ट्र शासनानेंहि 2021 मध्यें कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. अशी गाडी घ्यावयाची ठरली म्हणजे पडदे कोणते व शेगडी किती चुलींची, यांवर घरांत आठ आठ दिवस चर्चा चालते. परंतु वाटेंत चाक बसलें तर हें घर उचलावयाचें कशानें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. शिवाय हल्लींच्या पुष्कळ नव्या गाड्यांबरोबर स्टेपनी व जॅक येतच नाहींत. भोंक बुजविण्याचें औषध व हवा भरण्याचा लहानसा पंप तेवढा मिळतो. मग मालक बाजारांतून मिळेल तो जॅक आणतो, आणि धोक्यास तेथूनच आरंभ होतो.

प्रथम एक भेद मनांत पक्का करावा. संस्कृतांत ‘उत्थापन’ आणि ‘धारण’ हे शब्द दोन निरनिराळ्या धातूंपासून आले आहेत. उठविणें वेगळें आणि धरून ठेवणें वेगळें. जॅक हें उत्थापनाचें साधन आहे, धारणाचें नव्हे. त्यानें भार वर न्यावा व खालीं आणावा. वर नेलेल्या भाराखालीं मनुष्यानें जावयाचें असेल, तर त्या भारास दुसरा आधार पाहिजे. जॅकच्या अपघातांत जे प्राण जातात, ते बहुतेक हा भेद न ओळखल्यामुळें.

आतां निवडीकडे वळूं. पहिली गोष्ट वजन. युरोपांतील पुष्कळशा कॅम्पर गाड्यांस सर्व सामानासह 3500 किलोची मर्यादा असते. समजा, त्यांपैकीं मागील आंसावर 2000 किलो भार आहे. म्हणजे मागच्या एका चाकाच्या वांट्यास सुमारें 1000 किलो आले. परंतु पाण्याची टांकी, शेगडी आणि कपाट हीं एकाच बाजूस असलीं, तर तिकडचा वांटा अधिक होतो. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. पण प्रवासाच्या गडबडींत थोरांसहि त्याचा विसर पडतो. सबब कागदावरच्या रिकाम्या गाडीच्या वजनावर विसंबूं नये. प्रवासाचें सर्व सामान भरून गाडी एकदां वजनकाट्यावर नेऊन पुढची व मागची बाजू निराळी तोलावी. वरील उदाहरणांतील गाडीस 2 टनांचा जॅक हा कमींत कमी समजावा. 3 टनांचा घेतल्यास त्याला आपल्या शक्तीच्या टोंकापर्यंत कधींच जावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट उंची, आणि येथें दोन मापें लागतात. जॅक पूर्ण मिटलेला असतांना तो बसलेल्या चाकाच्या गाडीखालीं शिरला पाहिजे. 225/75 आर 16 या मापाच्या टायरची नुसती बाजूच सुमारें 169 मिलिमीटर उंच असते. हवा गेली कीं तिच्यांतील बराच भाग नाहींसा होतो आणि गाडी तितकी खालीं येते. उलट चढतांना जॅक पुरेसा उंच गेला पाहिजे. गाडीचा सांगाडा उचलला तरी स्प्रिंगा मोकळ्या होत असल्यामुळें चाक बराच वेळ जमिनीस धरून असतें. शिवाय हवा भरलेलें चाक बसलेल्या चाकाहून मोठें, त्याला आणखी जागा हवी. लहान मोटारीसाठीं केलेला स्वस्त ट्रॉली जॅक बहुधा 33 ते 35 सेंटिमीटरवर थांबतो व कॅम्परचें चाक तसेंच टेंकलेलें राहतें. मग लोक जॅकच्या डोक्यावर लांकडाचे ठोकळे रचतात. हें कदापि करूं नये. दोन्ही मापें व भारशक्ति जॅकवर लिहिलेलीं असतात, तीं वाचून घ्यावीं. युरोपांत घेतलेल्या जॅकवर ईएन 1494 हा मानकाचा आंकडाहि पाहावा.

तिसरी गोष्ट जॅकची जात. कात्रीसारखा जॅक स्क्रूवर चालतो. त्याचे आटे घर्षणानें भार अडवून धरतात, म्हणून तो आपोआप खालीं सरकत नाहीं. परंतु त्याची बैठक अरुंद असल्यानें भार किंचित् कलला तरी तो कोलमडतो. बॉटल जॅक तेलाच्या दाबावर चालतो. सतराव्या शतकांत पास्कलनें सांगितलेलें तत्त्व हेंच. त्यावर 1795 सालीं इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें दाबयंत्राचें पेटंट घेतलें. लहान दट्ट्या 1 सेंटिमीटर व मोठा 3 सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर क्षेत्रफळ नऊपट होतें. दांड्यानें हाताचा जोर पंधरापट केला, तर 10 किलोच्या दाबानें, घर्षण वजा न करितां, 1350 किलो उचलले जातात. मात्र हा सगळा भार एका लहानशा झडपेवर व रबरी कड्यावर तोललेला असतो. तें कडें झिजलें कीं तेल मागें फिरतें आणि गाडी खालीं बसते. ट्रॉली जॅकची बैठक रुंद असते, पण त्याचा हात कमानींत वर जातो, म्हणून उचलतांना त्याचीं लहान चाकें पुढें सरकावीं लागतात. गवतांत किंवा वाळूंत तीं रुतून बसलीं, तर भार एका बाजूस ओढला जातो. तेव्हां ट्रॉली जॅक घरच्या फरशीवर ठीक. प्रवासांत, गाडीबरोबर आलेला जॅक नसेल तर, योग्य मापाचा बुटका बॉटल जॅक बरा.

त्याबरोबर एक जाड फळी अवश्य ठेवावी. बॉटल जॅकचा तळ 10 सेंटिमीटर चौरस धरला, तर 1000 किलो भार दर चौरस सेंटिमीटरला 10 किलो पडतो. खालीं 30 सेंटिमीटर चौरस मजबूत फळी ठेवली, तर तोच भार एका किलोहून थोडा अधिक उरतो. पावसांत मऊ झालेल्या काळ्या जमिनींत हा फरक गाडी उभी राहणें आणि जॅक मातींत बुडणें इतका मोठा आहे.

आमचे एक पुतणे इंग्लंडांत असतात. त्यांनीं तेथें एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली आणि आम्हांस लिहिलें कीं, रविवारीं जॅकवर गाडी चढवून, खालीं निजून, गंज किती आहे तें पाहणार आहों. आम्हीं त्याच दिवशीं फोनवर सांगितलें, “बाबारे, जो गंज तूं पाहावयास निघालास, तोच जॅक लावण्याच्या जागेंतहि असेल.” जुन्या गाड्यांत हा दोष प्रसिद्ध आहे, वरून रंग शाबूत आणि आंत पत्र्याचा भुगा. कारखान्यानें पुस्तकांत दाखविलेल्या बळकट जागींच जॅक लावावयाचा, आणि तीहि आधीं ठोकून पाहावयाची. खालीं जाणें असेल, तर ज्यांस जॅक-स्टँड म्हणतात त्या लोखंडी घोड्या जोडीनें सपाट व कठीण जमिनीवर लावून त्यांवर गाडी टेंकवावी. त्यांवरील भारशक्ति एका घोडीची कीं जोडीची, हेंहि वाचावें. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे घोडीच्या जागीं मुळींच नकोत. ते पूर्वसूचना न देतां फुटतात. पुतण्यांनीं तो रविवार पुढें ढकलला व घोड्या आणल्या. कॅम्परच्या चार कोंपऱ्यांस जे टेंकू असतात, तेहि गाडी हलूं नये एवढ्यासाठींच असतात. त्यांनीं गाडी उचलूं नये.

वाटेंत चाक बदलतांना गाडी रहदारीपासून दूर व सपाट जागीं न्यावी. सर्व माणसांस, निजलेल्या मुलांससुद्धां, खालीं उतरवून सुरक्षित अंतरावर बसवावें. गॅस बंद करावा. हातब्रेक लावून गाडी गिअरमध्यें ठेवावी, परंतु तेवढ्यावर विसंबूं नये. ज्या चाकांस एंजिनाची शक्ति मिळते त्यांतील एक उचललें, कीं डिफरन्शियलमुळें गिअरची पकड सुटते. मागचें चाक उचललें, तर मागच्या हातब्रेकचें काम एकाच चाकावर येतें. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांस पुढून व मागून लांकडी पाचरी लावाव्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच किंचित् सैल करावे, आणि अखेरचे घट्ट आवळणें गाडी खालीं आल्यावर करावें. गाडी वर असतांना शरीराचा कोणताहि भाग तिच्याखालीं नेऊं नये. रस्ता अरुंद असेल, उतार असेल किंवा चिखल असेल, तर जॅक बाहेर न काढतां मदत बोलवावी. त्यांत कमीपणा नाहीं.

घरांतील वडील मंडळींस मोटार हांकतां येत नसेल. परंतु प्रवासास निघणाऱ्या मुलांस चार प्रश्न विचारतां येतील. भरलेल्या गाडीचें वजन केलें काय? बसलेल्या चाकावर जॅक खालीं शिरतो व पुरता उचलतो, हें अंगणांत करून पाहिलें काय? फळी व पाचरी घेतल्या काय? आणि घोड्यांवांचून कोणीहि गाडीखालीं जाणार नाहीं, हें ठरलें काय? डबे भरतांना लाडू मोजून पाहणाऱ्या आमच्या गृहिणींनीं हे प्रश्नहि त्याच यादींत घालावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.