पेटी मागवण्याआधी: घरी फोनिक्स शिकवताना

माझ्या भाचीला पाचवं वर्ष लागलं तेव्हा घरात फोनिक्सची एक भलीमोठी पेटी आली. रंगीत पत्ते, तक्ते, गाणी, पुसून पुन्हा लिहिता येणारी पाटी, सगळं होतं. दोन महिन्यांत पोरगी 'ए'पासून 'जी'पर्यंत पोहोचली. गाणी तोंडपाठ झाली, पण 'बेड' हा शब्द समोर धरला की गप्प. या सात अक्षरांतून बॅग, बेड, कॅब असे कितीतरी शब्द होतात, पण ध्वनी एकमेकांना जोडायचे कसे, हे त्या पेटीत कुठेच सांगितलेलं नव्हतं. पेटीवर किंमत मात्र ठसठशीत होती.

फोनिक्स म्हणजे नेमकं काय

मराठीत अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज सहसा एकच असतो. 'क' म्हणायचं आणि 'क'च वाचायचं. (चहा आणि चमचा यांतला 'च' वेगळा, हे मान्य. पण असे अपवाद मोजके.) इंग्रजीत अक्षराचं नाव 'सी', आवाज कधी 'क्' तर कधी 'स्'. अक्षरं २६, ध्वनी सुमारे ४४. त्यामुळे 'श्'साठी एस आणि एच अशी जोडी लागते. अक्षराचं नाव बाजूला ठेवून आधी ध्वनी शिकवायचे, मग ते जोडून शब्द वाचायला लावायचा, ही फोनिक्सची पद्धत.

ती नवी नाही. मुलांना अख्खे शब्द चित्रासारखे पाठ करायला लावण्याविरुद्ध रुडॉल्फ फ्लेश यांनी अमेरिकेत १९५५ मध्येच पुस्तक लिहिलं होतं. तिथल्या नॅशनल रीडिंग पॅनलने २००० साली क्रमवार फोनिक्सच्या बाजूने कौल दिला. इंग्लंडमध्ये २००६ च्या रोझ अहवालानंतर शाळा याच वाटेने गेल्या. २०१२ पासून तिथे पहिल्या इयत्तेच्या शेवटी मुलांकडून ४० शब्द वाचून घेतात, त्यातले २० निरर्थक असतात. ते कुठे पाहिलेले नसल्यामुळे पाठांतर कामी येत नाही, ध्वनी जोडूनच वाचावे लागतात. घरीसुद्धा मूल खरंच वाचतंय का हे पाहायचं असेल, तर 'टॉब'सारखे दोनचार बनावट शब्द लिहून द्या. चटकन कळतं.

पाय मोडलेली अक्षरं

मराठी घरांत हमखास होणारी चूक म्हणजे ध्वनीला चिकटलेलं 'अ'चं शेपूट. आपल्या व्यंजनात 'अ' मुरलेलाच असतो, म्हणून आपण 'कॅट'चे ध्वनी 'क-अ‍ॅ-ट' असे पूर्ण अक्षरांत म्हणतो. मूल ते प्रामाणिकपणे जोडतं आणि त्याच्या तोंडून 'कअ‍ॅटअ' असं काहीतरी निघतं. मग आपण म्हणतो, याला जमत नाही.

यावर उपाय आपल्याच लिपीत आहे. पाय मोडून म्हणा: क्, अ‍ॅ, ट्. हलन्त चिन्हाचा असा उपयोग इंग्रज पालकाला सुचणं शक्य नाही, आपल्याला तो आयता मिळालेला आहे. 'स्', 'म्', 'न्' हे ध्वनी लांबवता येतात, म्हणून जोडायला सोपे. 'ब्', 'ट्' झटकन तोडायचे. झेड अक्षराला 'झाड'मधला 'झ' जवळचा, 'झेंडा'मधला नव्हे. आणि व्ही व डब्ल्यू यांतला फरक शिकवताना 'व्हॅन' आणि 'वॉच' आपण लिहितोच वेगळे, तिथून सुरुवात करावी.

संच निवडताना म्हणूनच त्यातल्या ध्वनिफिती आधी ऐकाव्यात. बोलणारी व्यक्ती 'ब'ला 'बअऽ' म्हणत असेल, तर तो संच कितीही सुंदर छापलेला असो, नको.

च-ची भाषा

शब्दातला एकेक ध्वनी वेगळा ऐकू येणं ही फोनिक्सची पहिली पायरी. गाण्याच्या भेंड्या खेळणाऱ्या मुलाला शेवटचं अक्षर पकडता येतं, पण अक्षराच्या पोटातला ध्वनी पकडण्याची सवय तिथे होत नाही. ती होते च-च्या भाषेत. 'काय'चं 'चायक', 'तुला'चं 'चुलात' करताना मूल 'तु'मधला 'त्' सोडवून शेवटी नेतं आणि 'उ' जागेवर ठेवतं. म्हणजे आपल्या आजोळच्या वात्रटपणात फोनिक्सचा पाया आहे. जेवताना दहा मिनिटं खेळा, खर्च शून्य.

माझं मत असं की घरी मराठी बोलली जात असेल तर मराठी वाचन आधी किंवा बरोबरीने सुरू करावं. छापलेल्या खुणांमधून बोलणं निघतं, हे मोठं कोडं मुलाला नियमित लिपीत लवकर सुटतं.

संचात काय पाहायचं

सगळ्यात आधी क्रम. स्यू लॉइड आणि सारा वर्नहॅम यांचं जॉली फोनिक्स १९९२ मध्ये आलं. त्यात ४२ ध्वनी सहासहाच्या सात गटांत आहेत आणि पहिल्या गटात एस, ए, टी, आय, पी, एन. या सहांतून सॅट, पिन, टॅप, टिन, स्पिन असे शब्द लगेच तयार होतात. ध्वनी कळला की वाचन सुरू, ही त्या क्रमातली युक्ती.

मग पुस्तकं. आजवर शिकवलेल्या ध्वनींपुरतेच शब्द असलेली छोटी पुस्तकं संचात हवीत. 'पॅट सॅट' इतकीच गोष्ट असली तरी चालेल, मुलाने ती स्वतः वाचलेली असते. नियमात न बसणारे शब्द, उदाहरणार्थ 'वॉज' किंवा 'सेड', थोडेथोडे आणि वेगळे शिकवलेले असावेत. शंभर शब्दांचे पत्ते पहिल्याच आठवड्यात पाठ करायला सांगणारा संच परत करा.

अंदाजपंचे दाहोदरसे

'चित्र बघ, पहिलं अक्षर बघ आणि शब्द ओळख' असं सुचवणारी सूचना दिसली तर सावध व्हा. हुशार मूल चित्रावरून 'पोनी'ला 'हॉर्स' म्हणतं आणि घरचे टाळ्या वाजवतात. पुढे चित्रं संपतात, तेव्हा अडचण सुरू होते.

पैसा आणि वेळ

महागडी पेटी लागतेच असं नाही. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २००७ मध्ये 'लेटर्स अँड साउंड्स' हा आराखडा मोफत दिला होता. त्यातला क्रम घेऊन पोस्टकार्डावर अक्षरं लिहून काम भागतं. आपलं इंग्रजी कच्चं आहे असं वाटणाऱ्या पालकांसाठी सीगफ्रीड एंगलमन आणि सहकाऱ्यांचं १९८३ चं शंभर धड्यांचं पुस्तक आहे. पालकाने काय बोलायचं ते त्यात शब्दन् शब्द छापलेलं आहे. दिसायला रुक्ष, उच्चार अमेरिकी, पण चोख.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मूल कंटाळलं की थांबायचं. शाळेत दुसरा क्रम चालू असेल तर बाईंना विचारून घ्या, नाहीतर मुलाची ओढाताण होते.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडे तिसऱ्या आठवड्याचा धडा मागा. त्यात मुलाने स्वतः वाचायची दोन वाक्यं नसतील, तर तो संच घेऊ नका.