मिटल्या ओठांचे बोलणे

रंगभूमीवर स्वगत म्हणणाऱ्या नटाला मनातील गुपितही शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा खणखणीत स्वरातच सांगावे लागते. बोलपटाने ही सक्ती रद्द केली आणि मिटल्या ओठांमागून मन बोलू लागले. पेणच्या गणेशमूर्ती आणि रोह्याचा पालखी-उत्सव यांवरील एका लहानशा अनुबोधपटाचे निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा या सवलतीचा कारभार जवळून पाहावयास मिळाला.

ध्वनिमुद्रण रोह्यात एका माडीवर, भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून आणि दिवा-रोहा गाडीची शिटी विरेपर्यंत खोळंबत चालले होते. माहिती सांगताना निवेदक मायक्रोफोनपासून हातभर अंतर राखून बसे. अंतर्मनाचा आवाज हवा असला म्हणजे मात्र तो अगदी जवळ सरके, ‘प’ आणि ‘फ’ यांचा फुत्कार टाळण्यासाठी तोंड किंचित तिरके करी, आणि स्वर इतका उतरवी की शेजारी बसूनही मला शब्द उमगत नसत. खोलीचा घुमारा जरासा जरी उरला, तरी ते बोलणे मनातले न वाटता खोलीतले वाटते. गोधड्यांचे प्रयोजन तेच.

पेणच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असतानाच्या दृश्यावर कारागिराचे मनोगत घालावे, अशी दिग्दर्शकाची इच्छा होती. मी कारागिराला विचारले, तेव्हा कुंचला खाली ठेवून तो म्हणाला, “मनात काय येणार, साहेब? हात हलू नये, बस्स!” तरीही मजकूर तयार झाला, पण चित्राबरोबर ऐकताच प्रेक्षकाची नजर बुबुळावरून उठून शब्दांमागे जाते हे उघड झाले, आणि तो रद्द करण्याची माझी शिफारस मंजूर झाली. ‘भुवन शोम’ या चित्रपटात (१९६९) अमिताभ बच्चनचे निवेदन कथेतल्या करड्या रेल्वे-अधिकाऱ्याला मिस्किलपणे चिमटे काढते, दिसते तेच पुन्हा सांगत बसत नाही; म्हणूनच ते खुलते.

रोह्याच्या उत्सवात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात, तेथे मात्र आवाजावाचून गत्यंतर नव्हते, कारण पडद्यावर बंदुका, गणवेश आणि पालखी दिसते, त्यामागची ब्रिटिशकालीन प्रथा दिसत नाही. दृश्य दहा सेकंदांचे, आणि सेकंदाला दोन शब्दांपलीकडे मराठी निवेदन सुखाने चालत नाही. विशेषणे गेली, क्रियापदे आटली, पण ‘ब्रिटिश अमदानीपासून’ हे शब्द जिभेला जड जातात ही निवेदकाची तक्रार मी अखेरपर्यंत दाखल करून घेतली नाही.