पान्याला न कळणारा ताण

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन निघालं, हरभऱ्या-गव्हासाठी वावर मोकळं झालं, की पैनगंगेच्या आणि अडाणच्या काठची जुनी डिझेल इंजिनं पुन्हा बाहेर निघतात. वीजपंप आले, पण निव्वळ विजेच्या भरवशावर ओलित कोण सोडणार? मिस्त्री हेड खोलतो, नवं गॅस्केट घालतो, इंजिन धडधडू लागतं. थोड्या दिवसांत हेडच्या सांध्यातून पाणी पाझरतं आणि गॅस्केटला शिव्या बसतात. खोट बहुधा आवळण्यात असते.

किर्लोस्करांचं पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-१ इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. डिझेल पेटताना दर चौरस सेंटिमीटरवर ६०-७० किलोचा दाब धरला, तर हेडला वर ढकलणारा जोर तीन ते साडेतीन टन भरतो. १५०० फेऱ्यांना मिनिटात ७५० वेळा. हा जोर झेलतो तो हेड धरून ठेवणाऱ्या स्टडमधला ताण. नट फिरवला की स्टड केसभर लांबतो आणि स्प्रिंगसारखा हेड खाली दाबून धरतो. ताण कमी पडला तर गॅस्केट फुंकतं, जास्त झाला तर स्टड कायमचा लांबतो.

पण हा ताण पान्याला कळत नाही. आपण लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, ४० टक्के आट्यांमध्ये, आणि स्टड ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. गंजलेल्या आट्यांवर नट 'कडक' लागतो, पण स्टड पुरता ताणलेला नसतो. हात फसतो, टॉर्क रिंचही फसतो. उलट कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावून वापरला, तर ताण एक तृतीयांशापर्यंत वाढू शकतो. पान्याला पाईप अडकवून लटकणाऱ्यांना हे कोण सांगणार! तारेच्या ब्रशने आटे घासणं, पुस्तिकेत तेल सांगितलं असेल तर दोन थेंब सोडणं, हीच निम्मी आवळणी. मात्र बंद तळाच्या भोकात तेल साचू देऊ नये. बोल्ट खाली जाताना ते दबतं आणि ओतीव ब्लॉक तडकतो.

जुन्या यंत्रांत आट्यांच्या मापाचा आणखी एक फास आहे. मँचेस्टरला १९२१ साली घडलेलं आपल्याच भागातल्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत कारंज्यावरून धावत होतं. त्या काळच्या विलायती यंत्रांवर १८४१ चे व्हिटवर्थ आटे असत. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, कोन ५५ अंशांचा. आजच्या मेट्रिक आट्यांचा ६०. व्हिटवर्थ बोल्टच्या जागी १२ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट 'जवळपास बसतो' म्हणून घातला, तर नेमके आटेच जातात.

एकापेक्षा जास्त सिलिंडरचं हेड असेल, जसं ट्रॅक्टरचं, तर मधल्या नटांपासून बाहेरच्या बाजूला, आळीपाळीने, तीन टप्प्यांत जायचं. जुन्या पुस्तिकांत आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो. न्यूटन-मीटरची रिंच असेल तर ९.८ ने गुणावं. बऱ्याच जुन्या इंजिनांचं हेड पहिल्या काही तासांच्या चालीनंतर पुन्हा आवळावं लागतं, कारण गॅस्केट बसतं. त्यानंतर टॅपेटची फट बदललेली असते. ती फीलर गेजने पुन्हा जुळवल्याशिवाय झाकण लावू नये.